लग्नातच बंद पडणारी गाडी

“मिस्त्री, सकाळी एका सेल्फात लागती, अन दुपारी काय केल्या लागत न्हाई!”

हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकलंय की शेवटी शेवटी गिऱ्हाईक तोंड उघडायच्या आत मी म्हणायचो, “बसा, पाणी प्या. गाडीलाबी बसू द्या.” लोकांना वाटायचं, मिस्त्री आळशी आहे. आळशी मी आहेच, आमच्या घरात त्यावर दुमत नाही. पण जुन्या पेट्रोल गाडीच्या उन्हाळी दुखण्यावर निम्मा इलाज खरोखर तोच आहे. थांबायचं. आणि नेमकं तेच आपल्या लोकांना जमत नाही.

हिंगोलीला औंढ्याच्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून शटर ओढलंय, पण हौसेनं जुनी गाडी बाळगणारे अजून घरी येतात. संपादकसाहेब म्हणाले, अंकासाठी अनुभव लिहा. म्हटलं, मला लिहिता येत नाही. ते म्हणाले, बोलता तर येतं. त्याला मी नाही म्हणू शकलो नाही. पण एक आधीच सांगतो. मी कुठं काम शिकलो, पहिला पाना कोणी हातात दिला, ते काही लिहिणार नाही. ते सगळ्यांचं सारखंच असतं. मी सांगणार आहे ती एका गाडीची गोष्ट. ही गाडी वर्षभर गुणी असायची आणि फक्त लग्नात बंद पडायची.

त्याआधी उन्हात गाडीला काय होतं ते सांगावं लागेल. जुन्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनालाच आवळलेला असतो. तो टाकीतलं पेट्रोल ओढतो आणि कार्बोरेटरला देतो, तिथं ते हवेत मिसळून इंजिनात जातं. गाडी पळते तोवर पंखा वारा खेचतो, टाकीतून गार पेट्रोल येत राहतं, सगळं बराबर चालतं. गंमत होते ती गाडी बंद केल्यावर. लोकांना वाटतं, बंद केली म्हणजे निवायला लागली. तसं नसतं. चूल विझवली तरी तवा काही वेळ तापलेलाच असतो, त्यावर विसरलेली भाकरी करपते. तसंच पंखा थांबला की इंजिनाची सगळी धग बोनेटच्या आत कोंडते. पंपातलं पेट्रोल उकळतं आणि त्याची वाफ होते. पंप बनवलाय पेट्रोल ओढायला, वाफ त्याच्या हाताला लागत नाही. मग तुम्ही कितीही सेल्फ मारा, कार्बोरेटर कोरडाच. आम्ही म्हणायचो, पंपानं वाफ धरली.

कधी कधी उलटंही होतं. कार्बोरेटरमधलंच पेट्रोल उकळून आत सांडतं आणि ठिणगी पाडणारे प्लग ओले होतात. म्हणजे लक्षण तेच, गाडी लागत नाही, पण एकीत पेट्रोल पोचत नाही आणि दुसरीत नको तेवढं पोचलेलं असतं. पहिलीत पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचं. दुसरीत एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरायचा आणि सेल्फ मारायचा. कोणती आहे हे ओळखायला आधी नाक लागतं, पाना नंतर. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा भपकारा आला तर ओली, नाही आला तर कोरडी. त्यानंतर प्लगला करंट येतो का बघायचं. आणि आमचं गिऱ्हाईक काय करणार? चोक ओढणार, शिलाई मशीन चालवल्यासारखा एक्सलेटर हलवणार, आणि बॅटरी मरेपर्यंत सेल्फ मारणार. वर मला सांगणार, “आमी तर काहीच केलं न्हाई.”

कळमनुरीच्या एका किराणा दुकानदाराला मी सांगितलं होतं, पंपावर ओलं फडकं ठेवत जा. त्याला पंप कुठला ते विचारायची लाज वाटली. त्यानं आख्ख्या बोनेटवर ओलं गोणपाट पांघरलं. आठवडी बाजारात गाडी अशी पांघरूण घेऊन उभी, आणि लोक येऊन विचारायला लागले, “सावकार, आत कोन आजारी हाय?” नरसीचा एक हॉटेलवाला त्याच्यापेक्षा हुशार. त्यानं पंप शोधला आणि वर बर्फाचा खडा ठेवला. गाडी लागली. तेव्हापासून उन्हाचा निघाला की थर्मासभर बर्फ सोबत घ्यायचा. बायकोनं वाटेत गार पाणी मागितलं तर म्हणायचा, “ते तुझं न्हाई, गाडीचं हाय.” ती बाई मला रस्त्यात भेटली की अजून तोंड फिरवते. मी काय केलं होतं?

तर आता ती गाडी.

शिरड शहापूरच्या अंगाला एक गाव आहे. तिथले बाबाराव म्हणजे चांगली जमीन, हळद, ऊस, दारात ट्रॅक्टर, आणि पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांनी घेतलेली गोल दिव्यांची, दुधाच्या रंगाची जुनी गाडी. माणसांची नावं मी बदललीत. गाडीच्या कंपनीचं नाव लिहीतच नाही, कारण जे झालं त्यात कंपनीची काडीची चूक नव्हती.

बाबारावांचा स्वभाव सांगतो. त्यांना डॉक्टर म्हणाले, शुगर आहे, तर हे म्हणाले, “तुमच्या मशीनमधी असंल.” आपल्या घरातलं काही बिघडू शकतं हेच त्यांना मान्य नव्हतं. गाडीच्या बाबतीत तर बोलूच नका. तिला ते स्वतः धुणार, स्वतः पुसणार, सीटवर बसायच्या आधी पाहुण्याला पाय झटकायला लावणार. गयावहिनी, म्हणजे त्यांच्या मालकीणबाई, म्हणायच्या, “मला बघायला आले तवा एवढं निरखून बघितलं नव्हतं.”

तीन मुली. थोरलीचं लग्न झालं तेव्हा बाबारावांनी ठरवलं, पोरगी आपल्याच गाडीतून सासरी जाईल. लग्न भर मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्ताचं. जेवणं झाली, नवरा-नवरी गाडीत बसली, पुढं बँड, पुढं नाचणारी पोरं, आणि गाडी मागं मुंगीच्या पावलानं. गावातून फिरून वेशीजवळच्या मारुतीला आली. त्यांच्यात नवरीनं मारुतीपुढं नारळ फोडून मगच वेस ओलांडायची रीत आहे. गाडी बंद केली, नारळ फुटला, पाया पडून झालं, परत सेल्फ मारला तर गाडी लागेना.

मला आणायला मोटरसायकल आली. मी मागं बसून धुरळा खात पोचलो तर बोनेट उघडं, चार शहाणे आत वाकलेले, बाबाराव लालबुंद. मी आत बघितलं, नाकानं वास घेतला, काही खास दिसेना. सेल्फ मारला. गाडी पहिल्या झटक्यात सुरू!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला अहेराची टॉवेल-टोपी मिळाली. मी बिनकामाचा हिरो झालो, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

मधलीच्या लग्नाला तसंच. तोच मारुती, तोच नारळ, तोच सेल्फ, आणि मी पोचलो की गाडी सुरू. पण यावेळी टाळ्या पडल्या नाहीत, हसू पडलं. बँडवाला म्हणाला, “गाडी मिस्त्रीला भिती. नुसता फोटो लावून ठिवा आतमधी.” घरी आल्यावर आमची मंडळी म्हणाली, “तुमचं तोंड बघून गाडी पळत असंल, त्यात नवल काय हाय?”

मधल्या काळात मी काय काय नाही केलं? कॉइल बदलली, कारण कॉइल तापली की करंट कमजोर होतो. पंपाचा पडदा बदलला. कार्बोरेटर खोलून धुतला. पेट्रोलच्या नळीला धग लागू नये म्हणून नळी इंजिनापासून लांब वळवून घेतली. मग भर दुपारी बाबारावांना शेजारी बसवून गाडी औंढ्याला नेली, देवळापाशी बंद केली, चहा पिऊन आलो, सेल्फ मारला. सुरू. वसमतला नेली, सुरू. सगळ्या उन्हाळ्यात एकदा तकलीफ दिली नाही. बाबाराव माझ्याकडं असे बघायचे, जसं काही मीच लग्नाच्या दिवशी गुपचूप येऊन काहीतरी करून जातो.

गावात मात्र बोलणं सुरू झालं. बाबारावची गाडी पोरी न्हेत न्हाई, पोरी अडवती. कोणी म्हणे, नजर आहे. कोणी म्हणे, बाबारावांच्या वडिलांचा जीव गाडीत अडकलाय. धाकटीची, वर्षाची, सोयरीक कळमनुरीला जमली. याद्या झाल्या तेव्हा नवऱ्या मुलाचा चुलता भर बैठकीत म्हणाला, “मामा, आमची एसी गाडी येईल. तुमची राहू द्या, उगं वेळ जातो.” सगळे हसले. बाबाराव उठून उभे राहिले.

“वर्षा माझ्याच गाडीत जाईल. अन नारळ फुटला की मारुतीपासून थांबल्याबिगर जाईल. न्हाई गेली तर दसऱ्याच्या आत गाडी इकून टाकीन. ही माझी जबान हाय.”

बाबारावांची जबान म्हणजे जबान, हे पंचक्रोशीला ठाऊक. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडं आले. दारातून आत न येताच म्हणाले, “मिस्त्री, यावेळी तुमाला आनायला मानूस येनार न्हाई. तुमी सकाळपासून माझ्या दारात पाहिजेत. माझी इज्जत तुमच्या हातात हाय.” असं ते आयुष्यात कुणाला म्हणाले नसतील. गाडी सुरू करणं वेगळं आणि इज्जत सुरू करणं वेगळं.

लग्नाच्या दिवशी मी हत्यारांची पिशवी घेऊन सकाळीच हजर. ऊन असं की पत्र्याच्या शेडला हात लावायची सोय नाही. गाडी धुऊन चकचकीत केलेली. मी सगळं तपासलं. पंख्याचा पट्टा ताणलेला, पाणी भरलेलं, प्लग साफ. ओल्या फडक्यांची बादली भरून ठेवली. काही म्हणता काही खोट नव्हती.

जेवणावळी उठल्यावर बाबाराव आतून एक पुडकं घेऊन आले. त्यात जाडजूड भरजरी शाल, तीही दुहेरी घडीची. म्हणाले, “मिस्त्री, तिकडचं टोक धरा.”

“हे काय वो?”

“नवरीची गाडी हाय. उघड्या तोंडानं जाती का कुठं? थोरलीलाबी बांधली व्हती, मधलीलाबी बांधली व्हती. वेशीपस्तोर झाकूनच न्यायची.”

ही त्यांची स्वतःची रीत होती. दुसऱ्या कुणाच्या घरी मी बघितली नाही. गाडीच्या तोंडाला, म्हणजे पुढच्या जाळीला, शाल बांधायची, त्यावर झेंडूच्या माळांचा थर चढवायचा, आणि दोन्ही दिव्यांना मुंडावळ्या. मीही शहाणा, धरलं टोक, आणि मारली चांगली निरगाठ. बाबाराव दोन पावलं मागं सरकून गाडीकडं बघत राहिले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाले, “दिसती ना लेकीसारखी?” मी म्हणालो, दिसते.

मग त्यांनी गाडी सुरू केली. आणि ती शाल थप्पकन जाळीला जाऊन चिकटली.

मी बघतच राहिलो. पंखा आतून वारा खेचतो ना, त्यानं शाल ओढून घेतली होती. वारा आत जायला जागाच नव्हती. आता बघा काय होत होतं. आधीच मे महिना. त्यात गाडी मुंगीच्या चालीनं, म्हणजे पळण्याचा वारा नाही. पंखा एकटा झगडणार, तर त्याच्या तोंडावर दुहेरी शाल आणि वर झेंडू. मारुतीपर्यंत येता येता इंजिनाची भट्टी होणार. तिथं नारळासाठी बंद केली की पेट्रोलची वाफ. मग लोक काय करणार? बोनेट उघडणार. त्यासाठी आधी शाल आणि माळा सोडून बाजूला ठेवणार. मी धुरळा खात पोचेपर्यंत गाडी उघड्या तोंडानं उभी राहून निवलेली. मी कधी शाल बघितलीच नव्हती. माझ्या तोंडात काही जादू नव्हती, फक्त मला यायला वेळ लागत होता.

मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. पोरींच्या दोन पाठवण्या ह्या माणसानं आपल्या हातानं, मायेनं, निरगाठ मारून अडवल्या होत्या. मी त्यांना शेडमागं नेलं आणि सांगितलं. ते ऐकत गेले. चेहऱ्याचा रंग उतरला. मला वाटलं आता म्हणतील, तुमच्या मशीनमधी असंल. पण नाही.

“म्हंजी मीच?”

“तुमीच.”

“नाक दाबलं म्या तिचं?”

“थोडंसं.”

त्यांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं. मग म्हणाले, “मिस्त्री, हे कुनाला सांगायचं न्हाई. आमच्या हिला तर बिलकुल न्हाई. जल्मभर चिडवंल मला.” मी कानाला हात लावला. आम्ही दोघांनी शाल सोडली आणि मागच्या डिकीवर नेऊन बांधली. कुणी विचारलं तर सांगायचं, नवीन पद्धत आहे.

वरात निघाली. मी गाडीच्या बाजूनं चालत होतो. बोनेटवर अधूनमधून तळहात टेकवून बघत होतो. तापली होती, पण माणसासारखी तापली होती. मारुतीच्या पारापाशी गाडी थांबली. बाबारावांनी बंद केली. मी पटकन बोनेट उचलून पंपावर ओलं फडकं टाकलं. नारळ फुटला. वर्षा आणि जावई पाया पडत होते तेवढ्यात मी फडकं काढलं, बोनेट लावलं आणि मान हलवली. बाबारावांनी जीव मुठीत धरून किल्ली फिरवली.

सुरू! एका सेल्फात. घड्याळासारखी.

त्या माणसाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात, मान ताठ. बँडच्या गोंगाटात फारसं कुणाला ऐकू गेलं नव्हतं, म्हणून ते नवरदेवाच्या चुलत्याला हाक मारायला खिडकीतून वाकले. त्याला दाखवायचं होतं ना!

आणि तेव्हाच बायकांच्या घोळक्यातून गयावहिनी आल्या. हातात मोठा डबा, काखेत चटई. कुणाशी न बोलता त्यांनी पारावर कडुलिंबाच्या सावलीत चटई अंथरली. डबा उघडला. दशम्या, दही, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची फोड. दोन ताटल्या. निवांत, घाई नाही. मला आठवलं, मधलीच्या वेळी मी धुरळ्यातून उतरलो तेव्हा माय-लेकी ह्याच पारावर एका ताटात जेवत होत्या. मी म्हटलं असेल काहीतरी.

एक बाई वहिनींना म्हणाली, “अवं, डबा काय काढून राहिल्या? गाडी सुरू झाली की!”

वहिनींनी वर बघितलं. “एवढ्यात?”

“व्हय, निघाली आता वर्षा.”

“पर ती थांबती ना इथं तासभर.” वहिनी अगदी सहज बोलल्या, जशी काही ती पण एक रीतच. “लगीनघरात पोरीपाशी बसाया मिळालं न्हाई मला. ह्यो आला, त्यो आला. सकाळपासून तिच्या पोटात घास न्हाई. थोरली इथंच जेवली, मधली इथंच जेवली. मला वाटलं हिचंबी...” आणि त्या थांबल्या. मग हळूच दशमी परत डब्यात ठेवली आणि झाकण शोधायला लागल्या. रडल्या नाहीत. झाकण शेजारीच होतं, पण त्यांना ते सापडेना.

मी बाबारावांकडं बघितलं. ते खिडकीतून वहिनींकडंच बघत होते. चुलता तोवर गाडीपाशी येऊन पोचला होता.

बाबारावांनी किल्ली फिरवली. इंजिन गप्प झालं. किल्ली काढून त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली, खाली उतरले, आणि सगळ्या वरातीला ऐकू जाईल असं ओरडले, “बंद पडली!”

मी तोंड उघडं टाकून उभा. ते माझ्याजवळ आले आणि दातांवर दात ठेवून म्हणाले, “मिस्त्री, बोनेट उघडा. काहीतरी करत ऱ्हावा.”

“पर तुमची जबान?”

“तुमी बोनेट उघडा.”

उघडलं. काय करणार? तापलेल्या चांगल्या गाडीत डोकं घालून मी एकेक प्लग काढला, पुसला, लावला, परत काढला. एवढं कठीण काम मी धंद्यात कधी केलं नाही. बिघडलेल्या गाडीत काही ना काही सापडतं तरी. आणि वरून वरात सुटली माझ्यावर. बँडवाला म्हणाला, “आता मिस्त्रीलाबी भीत न्हाई ती.” कुणी म्हणालं, मिस्त्री म्हातारा झाला. एकानं तर मलाच विचारलं, दुसरा मिस्त्री बोलवू का? चुलता एसी गाडी पुढं घेऊन आला. बाबाराव म्हणाले, “न्हाई. पोरगी ह्याच गाडीत जाईल. दम धरा.”

“मग मामा, दसऱ्याच्या आत इकनार ना?”

“इकीन. जबान दिली म्हंजी दिली.”

पारावर वहिनी वर्षाला घास भरवत होत्या. वर्षा एकदा पाणी प्यायच्या निमित्तानं उठून माझ्यापाशी आली. गाडी चालवायला ती ह्याच गाडीवर शिकलेली, तिला फसवणं सोपं नव्हतं. तिनं पंपाला बोट लावलं आणि हळूच म्हणाली, “काका, पंप तर गार हाय.”

मी म्हणालो, “तू जेव.”

तिनं बापाकडं बघितलं. बाप दुसरीकडं बघत होता. ती परत चटईवर जाऊन बसली आणि आईला म्हणाली, “अजून एक दशमी वाढ.”

ऊन कललं तेव्हा मायलेकींनी हात धुतले. बाबारावांनी खिशातून किल्ली काढली. गाडी सुरू झाली, आणि वर्षा गेली. धुरळा खाली बसेपर्यंत बाबाराव वेशीत उभे होते.

दसऱ्याच्या आत गाडी विकली. नांदेडच्या एका हौशी माणसानं नेली, फोटोबिटो काढायला वापरतो म्हणे. किल्ली द्यायच्या वेळी मी तिथं होतो. त्यानं विचारलं, “उन्हात काही त्रास देते का?” बाबाराव हातानं बोनेट पुसायला लागले. तेव्हा मीच म्हणालो, नाही. शेडमध्ये आता कडब्याच्या पेंढ्या आहेत.

परवा त्यांच्याकडं गेलो होतो. वहिनींनी चहा दिला आणि पुढ्यात बसल्या. म्हणाल्या, “मिस्त्री, एक विचारू? दोन टायमाला तुमी आलं की लागली. मंग माझ्या वर्षाच्या टायमाला सकाळपासून व्हता, तरी काहून लागली न्हाई वो?”

मी म्हणालो, “न्हाई आलं मला, वहिनी.”

“असू द्या. समद्यांलाच समदं येत असतंय व्हय?” असं म्हणून त्यांनी माझी समजूत घातली. मग जरा वेळानं म्हणाल्या, “पर तुमच्यापायी यांची गाडी गेली बघा. बोलत न्हाईत, पर रोज सकाळी त्या शेडमधी जाऊन येतेत.” आणि कप घेऊन आत गेल्या.

ओट्यावर मी आणि बाबारावच राहिलो. म्हटलं, “बाबाराव, अंकाला लिहायला सांगितलंय. लिहायचं तर हेच लिहावं वाटतं. नाव बदलीन, पर वहिनी वळखतील. शालबी कळंल, किल्लीबी कळंल. चालंल का?”

बाबाराव शेडकडं बघत राहिले. आतून कपबशा धुतल्याचा आवाज येत होता.

“लिहा,” ते म्हणाले. “मला तोंडानं सांगनं व्हत न्हाई.”